बिटाचा रस आणि जावयांची धाव

"नाक दाबा आणि एका दमात प्या," वैजयंता म्हणाली.

सासुरवाडीच्या वैरणीच्या खोलीत, कडब्याच्या पेंढ्यांमागे आम्ही नवरा-बायको चोरासारखे उभे होतो. बाहेर बोरजाईच्या जत्रेचा ढोल घुमत होता. तिच्या हातात एक मोठी बाटली आणि माझ्या हातात काठोकाठ भरलेला पेला. पेल्यात बिटाचा रस. वास असा, की नुकतंच नांगरलेलं रान कुणी नाकाशी धरावं.

"आणि चूळ भरायची नाही," ती म्हणाली.

"का?"

"बिटात नायट्रेट असतं. ते तोंडातले जंतू बदलतात, मग त्याचा शरीराला उपयोग होतो. तुम्ही ती औषधी गुळणी केलीत की जंतू मेले, आणि रस गेला वाया."

"म्हणजे तुझी सगळी भिस्त माझ्या तोंडातल्या जंतूंवर?"

"तुमच्या पायांवर ठेवून बघितली की इतकी वर्षं," ती म्हणाली.

माझी बायको हायस्कुलात विज्ञान शिकवायची. कुठल्याशा मासिकात तिनं वाचलं होतं, की बिटाच्या रसानं वेगानं धावणाऱ्याला थोडा फायदा होतो. मी म्हटलं, थोडाच ना? तर म्हणाली, शर्यत थोड्यानंच हुकते. खरंच होतं ते. मागच्या खेपेला मी हातभरानं हुकलो होतो, त्याच्या मागच्या खेपेला वीतभरानं.

तर ही धाव काय, ते सांगतो. बोरवडी गावची चाल अशी, की जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावचे जावई चावडीपासून देवळाच्या दीपमाळेपर्यंत धावतात. दीपमाळेला ज्याचा हात आधी लागेल, त्याच्या बायकोची ओटी देवी पहिली घेते. कापड दुकानदार असो की तलाठी, जावई म्हटला की धोतराचा काचा मारायचा आणि पळायचं. लोक पोटभर हसतात. देवीही हसत असावी.

मला मात्र हसू येत नव्हतं. आमचं लग्न ठरवून झालेलं नव्हतं, सासऱ्यांनी तिचं ठरवलेलं मोडून झालेलं होतं. सासरे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गाव त्यांना आबा म्हणायचं, मी मामा म्हणायचो. लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेत, भरल्या चावडीवर, त्यांनी जाहीर केलं होतं, "ह्यो गडी ज्या दिवशी धावंत पयला येईल, त्या दिवशी मी त्याच्याशी बोलंन. तवर न्हाई."

आणि शब्दाला असे पक्के, की ताटावर समोरासमोर बसलो तरी मामींकडं, म्हणजे माझ्या सासूबाईंकडं, बघून म्हणायचे, "त्यास्नी इचार, भाकरी पायजे का." एकदा घरात आम्ही दोघंच होतो. तेव्हा ते गोठ्यात गेले आणि बैलाला मोठ्यानं म्हणाले, "सर्ज्या, त्यास्नी सांग, कराडची गाडी गेली." मी पण सर्ज्यालाच सांगितलं, की दुसरी येईल.

गाव हसायचं, मीही हसायचो. वैजयंता हसायची नाही. बापाची ती लाडकी लेक होती. तिच्याशी ते बोलायचे, पण तिच्या नवऱ्याला घरात असून नसल्यासारखं करायचे, आणि हे तिला आतून जाळायचं. दर जत्रेला परतताना गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसायची. म्हणून तर तिनं पिशवीत लुगड्याखाली बिटं लपवून आणली होती.

"उद्या सकाळी आणखी एक पेला, धावेच्या दोन-तीन तास आधी," ती म्हणाली. "आणि हो, सकाळी लघवीला लाल दिसलं तर गाव गोळा करू नका. बिटानं काही जणांना होतं तसं."

मी पेला तोंडाला लावला आणि तेवढ्यात दार करकरलं. मामी दारात उभ्या होत्या. हातात रिकामी पाटी. त्यांनी माझ्या लाल मिशांकडं बघितलं, मग लेकीच्या हातातल्या बाटलीकडं.

"काय गं हे?"

"ह्यांचं औषध आहे, आई."

"कशावरचं?"

"अशक्तपणावरचं," वैजयंता म्हणाली.

मामींनी मला खालून वर न्याहाळलं. दुपारी त्यांच्याच हातच्या पुरणपोळ्या मी किती चेपल्या होत्या हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या पाटीत वैरण घेऊन निघून गेल्या. वैजयंतानं उरलेली बाटली माठामागच्या गारव्याला ठेवली, वर ओलं फडकं टाकलं, आणि आम्ही साळसूदपणे ओसरीवर येऊन बसलो.

ओसरीवर हणमंतराव मोहिते सुपारी कातरत बसले होते. हे माझे साडू, थोरल्या कलाक्कांचे यजमान. शाळेत व्यायामशिक्षक. मांड्या अशा, की पाटावर बसले की पाट दिसायचा नाही. बोरजाईची पहिली ओटी वर्षानुवर्षं कलाक्काच भरत होत्या, ती ह्यांच्यामुळं. एवढं असून माणूस मात्र लोण्याचा. मला हरवून झाल्यावर दर वर्षी कानाशी येऊन म्हणायचे, "पुढल्या खेपंला तुमचंच, साडू." आणि पुढल्या खेपेला पुन्हा तेच पुढं.

"काय साडू, मिशा रंगल्यात," ते म्हणाले.

"जत्रा आहे," मी म्हणालो.

सकाळी वैजयंताचं भाकीत खरं झालं. मी गालातल्या गालात हसलो, तिला खूण केली, आणि माठामागची बाटली काढून दुसरा पेला रिचवला. कालच्यापेक्षा पाणचट लागला. मी म्हटलं, रात्रभरात जीभ सरावली असेल.

मिशी पुसतोय तोच गोठ्यामागून दबकी हाक आली. "साडू, ओ साडू. जरा हिकडं या."

हणमंतराव चिंचेखाली उभे होते. अंगात नुसतं गंजीफ्रॉक, आणि चेहरा ताकासारखा पांढरा. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी इकडं-तिकडं बघितलं आणि माझा हात धरला.

"कुणाला सांगायचं न्हाई. बोरजाईची आण घ्या."

"घेतली."

"सकाळी लघवीला गेलो... लाल. साडू, नुसतं लालेलाल. रगात पडतंय."

हसू माझ्या ओठापर्यंत आलं होतं. पण तिथंच विरलं. कारण बीट मी प्यालो होतो, हणमंतराव नव्हेत.

"काल काय खाल्लंत तुम्ही?" मी विचारलं.

"तुमच्या पंक्तीला हुतो की. पोळी, कटाची आमटी, भात."

"त्याशिवाय?"

ते जरा अडखळले. देवळाच्या कळसाकडं बघून हात जोडल्यासारखं केलं आणि म्हणाले, "न्हाई. आनखी काय न्हाई."

मग तेच सांगायला लागले. त्यांच्या वडिलांचंही अस्संच सुरू झालं होतं. आधी लाल, मग मूत्रपिंडाचं दुखणं निघालं, आणि पुढची जत्रा काही म्हाताऱ्यानं पाहिली नाही.

"आज धावू नका," मी म्हणालो. "आत्ता उठून कराडला जाऊ. मी येतो बरोबर."

"धावलो न्हाई तर कला इचारंल का. तिला आज रडवायचं न्हाई मला. जत्रा हाय." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "साडू, आज मी मागं ऱ्हातो. तुम्ही व्हा पयलं. मामांनी तुमच्याशी बोलाया पायजे. मी नसलो तर ह्या घरात बोलता जावई कोण ऱ्हाईल? तो बैल किती दिस निरोप पोचवणार?"

एवढं बोलून ते डोळे पुसत गेले, आणि मी चिंचेखाली तसाच उभा राहिलो. इतकी वर्षं ज्याच्यासाठी धडपडलो, ते आयतं ताटात वाढून मिळत होतं. पण असं कसं घ्यायचं? मरणाच्या दारातला माणूस आपल्यासाठी मागं राहतोय आणि आपण मिशीला पीळ देऊन दीपमाळेला हात लावायचा? आणि नाही लावला, तर वैजयंता पुन्हा वर्षभर खिडकीकडं तोंड करून बसणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शपथ घातलेली, त्यामुळं तिला सांगायचीही सोय नव्हती.

चावडीसमोर पोचेपर्यंत माझं ठरलं. हणमंतरावांची ही शेवटची धाव असेल, तर ती त्यांनीच जिंकायची. कलाक्कांनी आणखी एकदा पहिली ओटी भरायची. माझी बायको मला माफ करील, आज ना उद्या. तिचा बाप नाही बोलला तर नाही बोलला. सर्ज्या आहेच.

पाच जावई ओळीला उभे राहिले. मामींनी आम्हाला एकेक करून कुंकू लावलं. माझ्या कपाळाला बोट टेकवताना त्या पुटपुटल्या, "दोघंबी सारखंच हायसा मला." मी म्हटलं, मायेचं बोलतायत.

ओळीच्या टोकाला ज्ञानूतात्या होते. वय साठीकडं झुकलेलं, गुडघे कुरकुरणारे. ते धावायचे ते निव्वळ बायकोला, म्हणजे वैजयंताच्या भागूआत्याला, वाईट वाटू नये म्हणून. दर वर्षी चपला हातात घेऊन, भेटेल त्याला रामराम घालत, सगळे घरी गेल्यावर पोचायचे.

आबा शिट्टी घेऊन चावडीच्या कट्ट्यावर चढले. लष्करी मिशी, डोक्याला फेटा. माझ्यावरून त्यांची नजर अशी फिरली, जशी रिकाम्या जागेवरून फिरावी. बायकांच्या घोळक्यात वैजयंता ओटीचं ताट घेऊन उभी होती. तिनं मला बघून मूठ आवळली.

शिट्टी झाली.

आणि काय सांगू, पाय जमिनीला लागेनात! तो बिटाचा गुण होता, की मनावरचं ओझं पायांत उतरलं नव्हतं, देव जाणे. मी कधी पुढं निघालो ते मलाच कळलं नाही. पाराजवळ आलो तेव्हा माझ्यापुढं कुणीच नव्हतं. वैजयंता ओरडत होती, "पळा! अहो, पळा!" तिचा तो आवाज ऐकून क्षणभर वाटलं, जावं असंच सुसाट. मग चिंचेखालचा तो पांढरा चेहरा आठवला, आणि मी वेग कमी केला.

मागून हणमंतरावांची पावलं जवळ आली. आली, आणि तीही मंदावली. मी आणखी मंद झालो. तेही झाले. दीपमाळ हाकेच्या अंतरावर राहिली आणि आम्ही दोघं बाजारहाट करायला निघाल्यासारखे चालू लागलो.

"व्हा पुढं," हणमंतराव दातांतल्या दातांत म्हणाले.

"तुम्ही व्हा."

"अवो, ठरलंय न्हवं आपलं?"

"तुम्ही ठरवलंत. मी नाही."

"साडू, हट्ट करू नका."

"तुमची तब्येत—"

"तब्येतीचं नाव काढू नका हितं! समदं गाव बघतंय."

गाव बघतच होतं. आधी आरोळ्या थांबल्या, मग ढोल थांबला. आम्ही दोघं दीपमाळेपासून चार पावलांवर समोरासमोर उभे राहून एकमेकांना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत होतो, लग्नाच्या पंक्तीत पाटावर बसवताना करतात तसं. हणमंतरावांनी मला पुढं ढकललं. मी त्यांना ढकललं. उरलेल्या दोन जावयांना वाटलं की आमची जुंपली, म्हणून ते धाव सोडून आम्हाला सोडवायला आले. आता चौघांची ढकलाढकली सुरू झाली.

या गर्दीला वळसा घालून, हातात चपला घेऊन, ज्ञानूतात्या हळूच पुढं गेले आणि दम खायला म्हणून दीपमाळेला टेकले.

तात्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि विचारलं, "व्हय रं, पयला कोन आला?"

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथं भांडणसुद्धा नव्हतं. गाव असं फुटलं, की ढोलवाल्याला ढोल धरवेना. भागूआत्याला तर खरंच वाटेना. माहेरच्या देवीची पहिली ओटी भरायची पाळी या वयात आपल्यावर येईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिनं ताटच आणलं नव्हतं. वैजयंता पुढं झाली. आपल्या हातातलं ताट, खण-नारळासकट, तिनं आत्याच्या हातात दिलं. मग माझ्याकडं असं बघितलं, की त्यापेक्षा मामांचं न बघणं परवडलं.

घरी ओसरीवर कोर्ट बसलं. आबा खांबाला टेकून, मिशा थरथरत. मी आणि हणमंतराव आरोपीसारखे समोर. कलाक्का बुचकळ्यात पडलेल्या.

"का थांबलात?" वैजयंता म्हणाली. आवाज चिरकत होता. "जिंकला होतात तुम्ही! माझ्या डोळ्यांनी बघितलं मी. का थांबलात?"

मी खाली बघत राहिलो. आण घेतलेली. ती रडायला लागली, आणि ते मला सोसेना. पण हणमंतरावांना माझ्याआधी सोसेना.

"त्यास्नी बोलू नगंस, वैजू," ते म्हणाले. "त्यांची चूक न्हाई. मला... मला लघवीवाटं रगात पडतंय. आमच्या बापाचा रोग आलाय मला. म्हणून त्ये थांबलं."

कलाक्कांनी हंबरडा फोडला. आबा उठून उभे राहिले. वैजयंतानं डोळे पुसले आणि तिच्यातली मास्तरीण जागी झाली.

"दाजी, रंग कसा होता?"

"लाल गं. लाल म्हंजी लाल."

"रक्तासारखा, की गुलाबी जांभळट?"

हणमंतराव विचारात पडले. "आता तू म्हंतीस तर... जांभळट हुता खरा."

वैजयंताची मान हळूहळू स्वयंपाकघराकडं वळली. तिच्यामागोमाग आमच्या सगळ्यांच्या. दारात मामी उभ्या होत्या. पदराचा बोळा तोंडात.

"आई," वैजयंता म्हणाली, "माठामागची बाटली."

मामींनी पदर काढला. "मग काय करू? येका जावयाला द्याचं आन् दुसऱ्याला न्हाई, असं ह्या चुलीवर कधी झालं न्हाई. कपडं दिलं तर दोघास्नी, तूप वाढलं तर दोघास्नी. चोरून वैरणीत नेऊन पाजतीस, तवा आईची अब्रू ध्यानात ऱ्हायली न्हाई व्हय तुझ्या? मी आपलं अर्धं काढलं आन् थोरल्यांस्नी दिलं. बाटलीत पानी वतलं, तुला कळू नये म्हनून."

"आन् मला सांगितलं, देवीचं तीर्थ हाय, कुठं बोलाचं न्हाई!" हणमंतराव ओरडले.

"मग बोलला न्हाईसा, ह्ये ब्येस केलं," मामी म्हणाल्या.

"म्हंजी मी... मरत न्हाई?"

"बीट पिऊन कुणी मरत नाही, दाजी," वैजयंता म्हणाली. "तरी उद्या तपासून घ्या. पण मला खात्री आहे. ह्यांचंही सकाळी तसंच होतं."

हणमंतरावांनी आधी मामींच्या पायांवर डोकं ठेवलं. मग कलाक्कांकडं बघून हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. मी त्यांना मिठी मारली. तो एवढा थोरला गडी माझ्या खांद्यावर लहान पोरासारखा हुंदके देत होता, आणि माझंही काही वेगळं चाललं नव्हतं.

तेवढ्यात कुणीतरी माझं बखोट धरून मला बाजूला ओढलं. बघतो तर आबा. नाकाला नाक लागेल इतक्या जवळ त्यांचा चेहरा, आणि डोळे लालबुंद.

"आन् तू!" ते गरजले. "आरं गाढवा! भोपळ्या! टोणग्या! दीपमाळ हाताशी आन् हुबा ऱ्हातोस? सात वरसं वाट बघतोय मी! सात वरसं! दर जत्रंला देवीला म्हंतोय, बाई, ह्याच्या पायात जरा बळ घाल, मला लेकीच्या दादल्याशी दोन शब्द बोलू दे. आन् तिनं घातलं बळ, तर तू हुबा? दुसऱ्यासाठी? शेंबड्या!"

ओसरीवरचे सगळे आबांकडं बघायला लागले.

"आबा," वैजयंता हळूच म्हणाली, "तुम्ही ह्यांच्याशी बोललात."

माझं बखोट आबांच्या मुठीत तसंच होतं. त्यांनी एकदा मामींकडं बघितलं, एकदा हणमंतरावांकडं. सगळ्या जन्मात शब्द न मोडलेला माणूस. मिशी वरखाली झाली.

"बोललो न्हाई," ते म्हणाले. "शिव्या दिल्या. शिव्या म्हंजी काय बोलनं न्हवं."

वैजयंता आत गेली. तांब्याभर पाणी घेऊन आली आणि बापाच्या पुढ्यात धरलं. तिचे गाल ओले होते.

"घोटभर पाणी घ्या आबा," ती म्हणाली, "आणि शिव्या पहिल्यापासून द्या. ह्यांना सुरुवातीच्या नीट ऐकू आल्या नाहीत."